वस्तादांचा खुराक

"काकी, काटा मोडला बघा," डॉक्टरांचा कंपाउंडर म्हणाला, आणि आमच्या ह्यांचा चेहरा असा खुलला की कुणी भर मैदानात फेटाच बांधलाय त्यांना.

काटा काही मोडला नव्हता. एकशे वीस किलोच्या पुढं जायची त्याची ऐपतच नव्हती. डॉक्टर मगदूम बाहेर आले, चष्म्यावरून ह्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, समोरच्या गूळ अड्ड्यावर जाऊन वजन करून या. अड्ड्यात हमालांनी मोठ्या काट्यावरचे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, खाली उतरवले आणि हिंदुराव खोत, आमचे मालक, चपला काढून देवळात चढावं तसे त्यावर चढले. तोवर अडत्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे गोळा झाले होते. एकशे अडतीस भरले. हमालांनी वाहवा केली, कुणीतरी पाठीवर थाप मारली. ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी पदर तोंडावर धरून बाजूला उभी. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा थोडा अभिमानच वाटला होता.

तो अभिमान डॉक्टरांनी पाच मिनिटांत उतरवला. ह्यांना बाहेर बसवून त्यांनी मला एकटीला आत बोलावलं. रक्तात साखर आलीय, म्हणाले. गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात, पण एवढ्या वजनाला ऑपरेशन करायचं तर भूल द्यायला कुणी धजणार नाही. आणि हृदय दमलंय.

"वहिनी, गावाला तो पैलवान दिसतो. मला पेशंट दिसतो. हे असंच चाललं तर दोन-तीन वर्षं. पुढचं मी सांगू शकत नाही."

आमची एकुलती एक मुलगी, सुनंदा, इचलकरंजीला दिलेली. घरात आम्ही दोघंच. ह्यांच्या आवाजाशिवाय ते घर कसं असेल ह्याचा विचार मी कधी केला नव्हता, तो त्या लाकडी स्टुलावर बसून पहिल्यांदा केला.

आता ह्यांचं खाणं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे तालमीत वाढलेले. जोर-बैठका, पहाटेची लढत, दुपारची मेहनत, आणि ह्या सगळ्याला पुरेल एवढा खुराक: दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, अंडी, भाकऱ्यांची चवड. चाळिशीच्या आत एका मैदानात ह्यांचा गुडघा फिरला आणि कुस्ती सुटली. खुराक मात्र सुटला नाही. आमच्या कोल्हापूर भागातल्या पैलवानांचं हे ठरलेलंच आहे. आखाड्यातून माणूस बाहेर येतो, त्याची भूक आतच लढत राहते. ह्यांनी गावच्या तालमीची वस्तादकी घेतली, पोरांना डाव शिकवू लागले, पण बाकावर बसून. अंग हळूहळू सुटत गेलं आणि लोक म्हणत राहिले, वस्तादांची तब्येत काय आहे बघा.

डॉक्टरांनी मला उपाय सांगितला तो साधा होता. ज्वारीच्या पिठात सोयाबीनचं पीठ मिसळा. चार वाट्यांना एक. पोटाला आधार राहतो, घटकाघटकाला भूक लागत नाही, दोन भाकऱ्यांत माणूस भागवू शकतो. दूध-तूप कमी करा. गोड बंद.

सोयाबीन आमच्या रानात होतं. पण ते आमच्या लेखी पोत्यात भरून अडत्याकडं घालायचं पीक. चुलीवर आणायची वस्तू ती नव्हेच. मी घरी आले ती पायलीभर दाणे घेऊन थेट गिरणीत गेले आणि कच्चेच दळून आणले. त्या भाकरीचा वास असा उग्र की मांजरही लांबून गेलं. आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांच्या पोटाची जी अवस्था झाली ती मी कागदावर लिहिणार नाही. हे तालमीतही गेले नाहीत. गिरणीवाला मात्र माझ्यावर वेगळ्याच कारणानं चिडलेला. त्या तेलकट दाण्यानं त्याचं जातं चोंदलं होतं. मग त्यानंच वैतागून सांगितलं की आधी दाणे उकळा, वाळवा, भाजा, आणि ज्वारीतच मिसळून आणा. तसं केलं. भाकरी थापताना कडेनं चिरायची, पाणी जरा जास्त कढत घातलं की जमायची. चार-आठ दिवसांत माझा हात बसला. भाजलेल्या सोयाबीनचा एक खमंग वास येऊ लागला, मला तर तो आवडायलाच लागला.

राहिला प्रश्न ह्यांच्या गळी उतरवायचा. पहिल्या दिवसाच्या अनुभवानंतर हे त्या भाकरीला हात लावायला तयार नव्हते. पण मी नवऱ्याची नस ओळखून होते. डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय, हे मी बोललेच नाही. मी म्हटलं, "अवं, मटणात जेवढी ताकद न्हाई तेवढी ह्यात हाय. डॉक्टर सोता म्हणालं."

खोटं नव्हतं ते. डॉक्टर असंच काहीसं बोलले होते. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, उजेडात धरून बघितला, आणि मग एखाद्या नव्या डावाकडं बघावं तशा आदरानं खाल्ला.

"मटणाइतकी?"

"जास्तच म्हणं."

त्या दिवसापासून घरात सोयाबीनशिवाय भाकरी झाली नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. सुनंदाला निरोप धाडला की तुझ्या बापाला मी बरोबर गुंडाळलंय. पिठाचा डबा मात्र लवकर लवकर रिकामा होत होता. मला वाटलं, पीठ मळताना माझाच हात सैल सुटतोय.

दीड महिन्यानं पुन्हा गूळ अड्ड्यावर गेलो. ह्या खेपेला तालमीतले पाच-सहा जण बरोबर, त्यात आप्पासो पुढं. आप्पासो म्हणजे ह्यांचा थोरला पठ्ठ्या, ह्यांच्यामागं तालमीची सगळी व्यवस्था बघणारा, दोन पोरांचा बाप. हे काट्यावर चढले. एकशे बेचाळीस.

"लागू पडलं," हे म्हणाले, आणि पोरांनी एकच कल्ला केला.

मी हमालाला विचारलं, काटा नीट आहे का. तो म्हणाला, वहिनी, ह्याच काट्यावर सकाळपासून लाखाचा गूळ गेलाय. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हे भाकऱ्या पूर्वीएवढ्याच खात होते, उलट एखादी जास्त. शिवाय पहाटे वाटीभर भाजकं सोयापीठ दुधात कालवून, गूळ घालून पीत होते. मटणापेक्षा ताकद, मग सोडायची कशाला? तालमीतही सगळ्यांना सुरू केलं होतं. आप्पासो मला कौतुकानं सांगत होता, "काकी, तुमच्या पिठानं पोरं दगड झाल्यात बघा."

पोरांचं ठीक होतं. ती दिवसभर घाम गाळत होती.

डॉक्टर मगदूम रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. त्यांनी कागद बाजूला सारला आणि मला एवढंच विचारलं, "वहिनी, भाकरीत काय घातलं ते सांगितलंत. ताटातून काय काढलंत?"

काढायचं म्हणजे ह्यांना सांगायचं आणि नेमकं तेच तर मी टाळत आले होते. जगात कुठलंही पीठ असं नाही की ते नवऱ्याशी तुमच्या वतीनं बोलेल.

त्या संध्याकाळी ताट वाढून मी समोर बसले आणि सांगून टाकलं. हे पीठ ताकदीसाठी आणलेलं नाही. कमी खाऊन पोट भरावं म्हणून आणलंय. दोन भाकऱ्या, बास. दूध एक पेला. आणि डॉक्टरांनी वर्षांचं जे सांगितलं होतं, तेही सांगितलं. ह्यांनी चौथी भाकरी मोडायला घेतली होती. ती तशीच ताटात ठेवली, हात धुतला आणि उठून बाहेर गेले. माझ्याशी एक शब्द नाही. ह्या माणसाला राग आला की वाडा दणाणतो, ते मला सोसायची सवय होती. हे गप्प बसणं मला नवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोप्यात, बाहेरच्या पडवीत, शेंगा फोडत बसले होते. हे बाहेरून आले आणि समोरच्या बाकावर बसले. बसताना गुडघा धरला, तोंडातून आवाज निघू दिला नाही.

"आठ दिवसावर जत्रा आली," म्हणाले.

मी म्हटलं, व्हय.

जत्रेला आमच्याकडं तालमीची मोठी पंगत बसते. मटण-भाकरीचं जेवण. वस्ताद मधोमध, दोन्ही बाजूंना पठ्ठे आणि गावचे मानकरी. वस्तादांचं जेवण बघायला आसपासच्या गावांहून माणसं यायची. भाकऱ्या मोजायची. आणि हे उठले की टाळ्या पडायच्या. मला वाटलं आता हे म्हणतील, जत्रेपुरतं सोड. मी नाही म्हणायच्या तयारीनं बसले होते.

पण हे भलतंच बोलायला लागले. गुडघा फिरला ते मैदान. त्या दिवशी ह्यांना उचलून बाहेर आणलं तेव्हा लोक पुढच्या कुस्तीकडं बघत होते, एकानं मान वळवली नाही. नंतर वर्षभर कुणी आमच्या दारात आलं नाही, ते मलाही आठवत होतं. मग कुणाच्या तरी लग्नात हे जेवायला बसले होते. भूक तर पैलवानाचीच होती. शेजारच्यानं भाकऱ्या मोजल्या, त्याच्या शेजारच्याला सांगितलं, आणि जेवून उठताना सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या.

"मैदानात वाजायच्या, तसल्याच," हे म्हणाले. "काय फरक न्हाई. मी डोळं झाकून ऐकल्या. अंजना, मी खातो म्हणून माणसं मला बघायला येत्यात. खायचं सोडलं, तर मला बघायला कोण येणार हाय?"

तीस वर्षं मी ह्या माणसाला रांधून घातलं होतं आणि मला वाटत होतं, ह्याला भूक फार. मी शेंगांचं सूप खाली ठेवलं. मला रडू आलं, आणि रागही आला.

"मी येडी हाय व्हय?" मी म्हटलं. "मी काय बघत न्हाई तुमाला? ती माणसं टाळ्या वाजवून आपापल्या घरी जात्यात. तुमाला काय झालं तर ह्या सोप्यात मी एकटी बसणार हाय. तवा मी कुणाकडं बघू, ते सांगा."

ह्यांनी खाली वाकून एक शेंग उचलली, फोडली, दाणे माझ्या सुपात टाकले. त्या रात्री दोन भाकऱ्यांवर उठले. झोपेत कूस बदलत राहिले, पण उठून डब्याकडं गेले नाहीत. आठ दिवस असंच चाललं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आश्चर्यानं म्हणाले की भूक कमी लागतीया, पोटात काहीतरी असल्यासारखं राहतं. मी म्हटलं, सोयाबीन हाय ते, राहणारच.

जत्रेच्या दिवशी मी सोयाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. ह्यांनी त्या कोटाच्या खिशात घातल्या, आणि वाटेत एकदा थांबून मला म्हणाले, आज येत नाही म्हणून निरोप धाडावा का. मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. मला स्वतःलाच भीती वाटत होती. नको नको म्हणत हा माणूस गर्दी बघून पाघळला असता, तर पुन्हा मी त्याला कुठल्या तोंडानं अडवणार होते?

तालमीपुढच्या पटांगणात पंगत बसली. आम्ही बायका देवळाच्या पायऱ्यांवर. बघ्यांची दाटी झालेली, दोघं-तिघं झाडावर. आप्पासोनं ह्यांच्या उजव्या हाताशी भाकऱ्यांची चवड रचली. ह्यांनी ती हळूच शेजारच्याकडं सरकवली, खिशातलं फडकं सोडलं आणि आपली भाकरी काढली. बघ्यांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, नवसाची असेल. पहिली संपली. दुसरी संपली. आप्पासो वाढायला वाकला, तर ह्यांनी ताटावर हात आडवा धरला.

आप्पासोला थट्टा वाटली. त्यानं हसत हसत भाकरी पुढं केली. ह्यांनी हात काढला नाही.

"बास," म्हणाले. "माजं झालं."

पटांगणात असा सन्नाटा पडला की रस्सा वाढणाऱ्यांच्या पळ्या तेवढ्या वाजत होत्या. कुणीतरी मोठ्यानं विचारलं, वस्ताद आजारी हाईत का? आणि मग माझ्या ध्यानात आलं की खरी अडचण तर पुढंच आहे. आमच्याकडं रीत अशी, की वस्ताद उठल्याशिवाय पंगतीतलं कुणी उठायचं नाही, आणि वस्ताद उठले की सगळ्यांनी उठायचं. हे आत्ता उठले असते तर पन्नास माणसं अर्ध्या जेवणावरून उठली असती. हे बसून राहिले. मांडी घालून, त्या गुडघ्यांवर, रिकाम्या ताटापुढं.

बघ्यांनी थोडी वाट बघितली. मग एक गेला, दुसरा गेला. झाडावरचे उतरले. कुस्त्यांचं मैदान लागणार होतं, पुढं जागा धरायची म्हणून बाकीचेही पांगले. ह्यांनी ते सगळं बघितलं. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि मला वाटलं, आता आप्पासोला हाक मारतील, वाढ म्हणतील. हाक मारलीही. पण शेजारच्या म्हाताऱ्याकडं बोट करून म्हणाले, ह्याला रस्सा वाढ, कोरडंच खातोय. मग दुसऱ्याला वाढायला सांगितलं. मग नुसते एकेकाकडं बघत बसले. मध्येच आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, बोटं उघडझाप केली, आणि पुन्हा पंगतीकडं बघितलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शेवटच्या माणसाचं झालं तेव्हा हे आप्पासोच्या खांद्याला धरून उठले. टाळी एकही वाजली नाही.

हात धुऊन हे सरळ पायऱ्यांकडं आले. तीस वर्षांत जेवण झाल्यावर हे कधी बायकांच्या बाजूला फिरकले नव्हते. बाकीच्या जणींनी पदर सावरले. हे माझ्यासमोर उभे राहिले. चेहरा ओढलेला, गुडघे दुखत असणारच.

"हात वाळला माजा," म्हणाले. "खरकटा हात. कातडी ओढल्यासारखी व्हती. तासभर."

मी त्या हाताकडं बघितलं.

"दर जत्रंला मी खात बसायचो आन् ही सगळी माणसं वाळल्या हातानं बसून ऱ्हायची. माजं कवा संपतंय म्हणून. एकानं कदी सांगितलं न्हाई गं. मी उठलो की टाळ्या पडायच्या. पडणारच की. सुटायची बिचारी."

आणि हसले. ते हसू मला बघवेना. पण ते खरं हसू होतं, त्यात कुठं रुसवा नव्हता. मग ह्यांनी पायऱ्यांवरच्या बायकांकडं बघितलं. बसलेल्या, काही जणींच्या मांडीवर पोरं पेंगलेली.

"तुमी कवा जेवता?"

"पुरुषांचं उठल्यावर."

"दर साली?"

"दर साली," मी म्हटलं.

ह्यांनी वळून आप्पासोला हाक मारली आणि बायकांची पंगत बसवायला सांगितली. आप्पासो म्हणाला, वस्ताद, मैदान लागतंय, तुमच्या हातचा नारळ फुटायचाय. हे म्हणाले, नारळ थांबंल. आणि आखाड्याकडं पाठ करून तालमीच्या दगडी कट्ट्यावर टेकले.

मी म्हटलं, तुम्ही जावा, लोक वाट बघत असतील. म्हणाले, जेव तू. मी बसतो हितं. मला घास घेववेना. आयुष्यात मला कुणी जेवताना बघितलं नव्हतं. आईनं बघितलं असेल, लहानपणी. सगळ्या बायका माझ्याकडं बघून गालात हसत होत्या, आणि हे आपले बसलेले, नजर हलवायला तयार नाहीत. पण पहाटेपासून पोटात काही नव्हतं. रस्सा चांगला झाला होता. एकदा सुरुवात केल्यावर मीही मग कुणाकडं बघितलं नाही.

त्यानंतर हे चौदा वर्षं जगले. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, साखर ताब्यात राहिली, नातीच्या लग्नात मांडवभर स्वतःच्या पायांनी फिरले. गूळ अड्ड्यावरच्या काट्यावर पुन्हा चढायची वेळ आली नाही, डॉक्टरांच्या काट्यावर भागू लागलं. पण ते सगळं सावकाश झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

त्या दिवशी मात्र कुस्त्या बघून घरी येताना हे माझ्या पुढं चार पावलं चालत होते. ओढ्यापाशी थांबले, मी जवळ आल्यावर म्हणाले, "पाच खाल्ल्यास की गं."

मी म्हटलं, "मोजत व्हता व्हय?"

"मग," म्हणाले, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन चालू लागले.